पेट्रोल इल्ला

"काच खाली करू नको, पाणी आत येतंय," जयकुमार म्हणाला.

मी काच खाली केली. बाहेर साठीचा एक माणूस उभा होता. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, गुडघ्यांच्या वर खोचलेली लुंगी. पिंढऱ्यांना जळवा लागून गेल्या होत्या आणि रक्त पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अम्मा, कन्नड येतं का?" त्यानं कन्नडमध्येच विचारलं.

"येतं," मी म्हणाले.

माझं माहेर सदलग्याचं. घरात मराठी, दारात कन्नड. जयकुमार सांगलीचा, हळदीचा अडत्या. त्याला कन्नडचं अक्षर येत नव्हतं आणि त्याचं त्याला कौतुकही होतं. जयकुमार म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी त्याला आजही 'हे' म्हणते. इथे म्हणणार नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सासूबाईंना श्रवणबेळगोळला बाहुबलीचं दर्शन घ्यायचं होतं. चातुर्मासात प्रवास करू नये, पायाखाली किडामुंगी मरते, असं त्या दहादा म्हणाल्या होत्या. पण जयकुमारनं दोन महिन्यांपूर्वी नवी पांढरी मारुती घेतली होती आणि ती त्याला लांब पळवायची होती. कारवार, उडुपी, कारकळ, मूडबिद्री करत आम्ही धर्मस्थळापर्यंत आलो. समुद्राच्या कडेनं तीन दिवस नुसता पाऊस. त्या सकाळी लॉजच्या मॅनेजरनं सांगितलं की चार्माडी घाटात माती सुटलीय, एक दिवस थांबा. जयकुमारनं ऐकलं नाही. खाली पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली आणि आम्ही घाट चढायला लागलो.

दुपारी दीडच्या सुमाराला एका वळणापुढे रस्ताच नव्हता. लाल मातीचा ढीग आणि त्यात मुळांसकट उपटून आलेली दोन झाडं. मागे कुणी नव्हतं. बस खालीच अडवल्या असणार. हॉर्न वाजवून दरड हटणार असावी तसा जयकुमार दोन मिनिटं हॉर्न वाजवत बसला. मग तो गाडी वळवणार, तेवढ्यात त्या ढिगाऱ्यावरून माणसं येताना दिसली. पाच-सहा जण. लाकडी खुर्चीला बांबू बांधले होते आणि खुर्चीत घोंगडीत गुंडाळलेली एक बाई होती.

तीच माणसं आता रस्त्याच्या कडेला ताडपत्री धरून उभी होती आणि हा म्हातारा माझ्या खिडकीशी.

"माझी मुलगी आहे, गिरिजा," तो म्हणाला. "पहिलटकरीण. पहाटेपासून अडलीय. आमची जीप त्या अंगाला अडकली. खाली दवाखाना आहे, बावीस किलोमीटर. तुम्ही माघारीच जाणार ना, अम्मा? तिला तेवढी घेऊन चला."

"काय म्हणतोय तो?" जयकुमारनं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं आधी त्या बाईकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे. सीटवर अजून दुकानातलं प्लॅस्टिक होतं.

"सांग त्याला, पेट्रोल नाही."

"अहो, सकाळीच तर टाकी भरली."

"भरली म्हणूनच सांगतोय, नाही म्हण. वाटेत काही झालं तर? गाडीतच मेली तर? परमुलखात पोलिसांच्या दारात कोण उभं राहणार, तू?" तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "अशा वेळी मधे पडायचं नसतं. सांग."

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"पेट्रोल इल्ला," मी म्हणाले.

पेट्रोल नाही. दोन शब्द. ते दोनच बोलायला मला सांगितलं होतं. पण म्हातारा माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मला ते दोन शब्द फार तोकडे वाटले, म्हणून मी आपल्या मनानं भर घातली. "ते संपलंय म्हणून तर इथे थांबलोय. आम्ही पण कुणाची तरी वाट बघतोय."

तो खिडकीशी जरा वाकला. आत बघितलं, जयकुमारकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि गेला. ताडपत्रीखाली दोन वाक्यं बोलून तो पुन्हा मातीचा ढीग चढला आणि झाडांच्या पलीकडे दिसेनासा झाला.

"बरं झालं, समजूतदार होता," जयकुमार म्हणाला. "आता ही माणसं जरा बाजूला झाली की निघू."

ती माणसं बाजूला होणार कुठे? मागे दरड, पुढे दरी. वर जायची सोय नव्हती, खाली जायला वाहन नव्हतं. ती आमच्यापासून दहा हातांवर उभी राहिली. आणि पेट्रोल नाही म्हटल्यावर जयकुमारला त्यांच्यादेखत गाडी चालू करता येईना. आपल्याच थापेत तो अडकून बसला. काचा बंद. आमच्या श्वासांनी त्या पांढऱ्या झाल्या. बाहेरचं दिसायचं बंद झालं, ऐकू यायचं मात्र झालं नाही.

ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. कळ आली की ती दात ओठांवर दाबून एक लांब हुंकार काढायची, घाणा फिरल्यासारखा. तो थांबला की पाऊस ऐकू यायचा.

"रेडिओ लाव," जयकुमार म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

दहा मिनिटं झाली असतील. मी छत्री घेतली आणि दार उघडलं.

"कुठे चाललीस?"

मी उतरले. ताडपत्रीखाली गेले. गिरिजा बावीस-तेवीसची होती. ओठ फुटलेले, कपाळावर केस चिकटलेले, पायांखालची घोंगडी काळपट ओली. तिची आई तिचे तळवे चोळत होती. मला बघून ती बाई उठायला लागली. मी तिला बसवलं.

"तुम्ही कशाला भिजता, अम्मा?" ती म्हणाली. "पेट्रोलच नाही तर तुम्ही तरी काय करणार? देवानंच वाट बंद केली."

तिनं तिचं फडकं झटकून मला दगडावर बसायला टाकलं. मी बसले. जमिनीनं गिळावं असं म्हणतात. मला तसंही वाटलं नाही. मला चीड आली होती. पहिल्यांदा त्या बाईचीच आली, ती माझ्यावर विश्वास ठेवत होती म्हणून. मग सासूबाईंच्या माळेची आली. जयकुमारची तर इतकी आली की मागे वळून गाडीकडे बघवेना. आणि इतकी चीड असूनही मी तिथे दगडावर बसूनच राहिले. मनात म्हणत होते, आता उठते, आता त्याच्या हातातून किल्ली घेते. अर्ध्या तासाच्या वर गेला. मी उठले नाही. नवऱ्याचं खोटं उघडं पाडायचं नसतं एवढं एकच मला त्या वेळी पक्कं येत होतं.

म्हातारा परत आला तेव्हा त्याला ओळखायला वेळ लागला. तो नखशिखांत चिखलानं भरला होता; ढिगाऱ्यावरून घसरला असावा. हातात पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता, तो तेवढा त्यानं छातीशी स्वच्छ धरला होता.

"अम्मा, हे घ्या पेट्रोल," तो धापा टाकत म्हणाला. "वर आमचं घर आहे. आमची जीप डिझेलची, म्हणून शेजाऱ्याच्या लुनातून काढलं. खाली पोचण्यापुरतं होईल ना?"

मी कॅनकडे बघत राहिले. गिरिजाच्या आईनं हात जोडले. मला जोडले.

जयकुमार छत्री उघडून गाडीतून उतरला. "आता काय?"

"पेट्रोल आणलंय त्यांनी."

त्याचा चेहरा एका क्षणात लाल झाला. मग तो हळू आवाजात भराभर बोलायला लागला. "लुनाचं पेट्रोल म्हणजे ऑइल मिसळलेलं असतं. इंजिनाची वाट लागेल. सांग त्याला, आमच्या गाडीला चालत नाही."

मी दगडावरून उठले.

"त्रिशला, सांग त्याला! आणि ते टाकीत ओतायला देऊ नको. टाकी भरलेली आहे, सगळं बाहेर सांडेल. त्यांना कळेल."

त्याला काय कळण्याची भीती होती, ते तेव्हा मला लख्ख दिसलं. बाई मेली तरी चालणार होती, फक्त आपण खोटं बोललो ते कळायला नको होतं. आणि गेला अर्धा तास मीसुद्धा तेच सांभाळत बसले होते.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"झाकण उघडायला."

"अगं, तुला आत्ताच सांगितलं ना..."

मी त्याच्या बोटांतून किल्ली ओढून घेतली. अंगठ्याजवळ माझं नख लागलं, रक्त आलं. मी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि कन्नडमध्ये ओरडले, "आणा तिला! आत घ्या!"

"तू चालवणार? घाटात? या पावसात?" जयकुमार दार धरून उभा राहिला. "नवीन गाडी आहे! आई, सांग हिला!"

सदलग्याच्या उसाच्या वाटांवर मी वडिलांची जीप चौदाव्या वर्षापासून चालवत होते. लग्न ठरलं तेव्हा हे त्याला कौतुकानं सांगितलेलं होतं. लग्नानंतर त्यानं मला एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

सासूबाईंनी माळ बटव्यात ठेवली. त्या दाराकडे सरकल्या आणि पदर खोचला.

"तिचं डोकं माझ्या मांडीवर ठेवा," त्या मराठीत म्हणाल्या. त्यांचं ते लोकांना बरोबर कळलं. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "जया, तू इथंच ऱ्हा. जागा न्हाई."

"आई!"

"सरक बाजूला. दार लागू दे तिला."

मागे सासूबाई, गिरिजा आणि तिची आई. पुढे माझ्याशेजारी म्हातारा. त्याचं नाव मंजप्पा, हे मला खाली उतरताना कळलं. पेट्रोल ओतू का, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, वाटेत ओतू, आता वेळ नाही. खोटं मी तेव्हाही सोडलं नाही.  तो कॅन पायांत धरून बसला.

तो घाट मी कसा उतरले ते मला सलग आठवत नाही. वळणावर पाण्याचा लोंढा आडवा यायचा, चाकं सुटायची. मंजप्पा अधूनमधून फक्त 'सावकाश' म्हणायचा आणि मग लगेच 'जरा लवकर' म्हणायचा. मागे सासूबाई सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलत होत्या, "आलं बघ बाळ, आलं बघ गाव." गिरिजाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती त्यांचा हात सोडत नव्हती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वेळ घालवला नाही. संध्याकाळी साडेपाचला त्या बाहेर आल्या. गिरिजा वाचली होती. मुलगा झाला होता, पण श्वास घेतला नव्हता.

मी त्यांच्या मागोमाग नळापर्यंत गेले. "डॉक्टर, आम्ही अर्धा तास... पाऊण तास आधी आलो असतो तर?"

त्या हात धूत होत्या. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं विचारत बसायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला पुन्हा साबण घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. रस्ता मोकळा झाला असं कळलं. सासूबाई गिरिजापाशी थांबल्या; त्या आणि गिरिजाची आई एकमेकींची भाषा न कळता रात्रभर शेजारी बसल्या होत्या. मी जयकुमारला आणायला निघाले. मंजप्पा बरोबर आला. त्याच्या मांडीवर पांढऱ्या कापडातलं गाठोडं होतं. आपल्या जागेतच पुरायचं म्हणाला.

निम्मा घाट आम्ही चढून आलो. कॅन अजून त्याच्या पायाशी होता, पेट्रोलसकट. मला ते सहन होईना.

"मंजप्पा," मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय. काल गाडीत पेट्रोल होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी गाडी थांबवली.

"तीस वर्षं लॉरी चालवली मी, अम्मा. किल्ली फिरवलेलीच होती; तुमच्या खिडकीशी वाकलो तेव्हा आधी काटाच बघितला. पुरती टाकी भरलेली होती."

"मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे म्हणायचं होतं, खोटं बोलता म्हणून!"

"म्हटलं असतं तर साहेब चिडले असते. चिडलेला माणूस गाडी देतो का? आम्ही सहा जण होतो. गाडी हिसकावून घेऊ, असं माझा पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, नको, त्यांनी किल्ली दरीत फेकली तर?" तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता, मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून. "मग विचार केला, पेट्रोल आणूनच द्यावं. मग तरी त्यांना नाही म्हणता येणार नाही. म्हणून गेलो. जाऊन येऊन पाऊण तास लागला. त्या वाटेवर मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या, अम्मा, जन्मात कुणाला दिल्या नाहीत."

"त्यांना?" मी विचारलं. "साहेबांना?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ते काय बोलले ते मला कुठे कळलं? त्यांची भाषा मला येत नाही. तुम्ही बोललात. आमच्या भाषेत बोललात."

मागून एका लॉरीनं हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

मंजप्पाच्या ओसरीवर जयकुमार त्यांच्याच कुणाचा तरी धुतलेला सदरा घालून बसला होता. मागे राहिलेल्या माणसांनी त्याला घरी आणलं होतं; रात्री त्या घरानं त्याला गरम पेज घातली होती, अंगावर घ्यायला घोंगडी दिली होती. मी उतरले तसा तो उठला. "किती उशीर! रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सगळं अंथरूण दमट..."

मग मंजप्पा गाठोडं घेऊन उतरला. घरातल्या बायका बाहेर आल्या. एकीनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.  जयकुमार हळूहळू खाली बसला.

"मला काय माहीत होतं," तो म्हणाला.

"तुम्हाला नव्हतं. त्यांना होतं," मी म्हणाले. "टाकी भरलेली आहे हे त्यांनी खिडकीतूनच बघितलं होतं. तरीही तो माणूस पेट्रोल आणायला गेला. तुम्हाला हो म्हणता यावं म्हणून."

 मला वाटलं, आता हा उठेल, त्या माणसाच्या पायाशी जाईल. तो म्हणाला, "हे सांगलीत कुणाला सांगू नको."

मंजप्पानं घरामागे, काळ्या मिरीच्या वेलांजवळ, खड्डा खणला. मी शेवटपर्यंत तिथे उभी राहिले. जयकुमार गाडीत जाऊन बसला. मागच्या सीटवरचं डागाळलेलं प्लॅस्टिक मी पहाटेच फाडून काढलं होतं. 

बाहुबलीचं दर्शन झालं नाही. सासूबाईच म्हणाल्या, माघारी चला. सांगलीत पोचल्यावर आठवड्याभरातच जयकुमारचे दोन व्यापारी मित्र सहकुटुंब जेवायला आले. दिवेलागणीच्या आत पानं वाढली होती. कुणीतरी प्रवासाचं विचारलं आणि तो सांगायला लागला. दरड कशी कोसळली, एक अडलेली बाई कशी भेटली, आपण तसल्या पावसात गाडी कशी खाली आणली. 'आपण' म्हणत होता. मित्राची बायको म्हणाली, केवढं पुण्य केलंत तुम्ही. तो हसला आणि आमटी मागितली.

मी वाढत होते. मी आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"गाडी मी चालवली," मी म्हणाले. "हे घाटात थांबले होते. आणि त्याच्या आधी पाऊण तास आम्ही टाकी भरलेली असताना पेट्रोल नाही असं सांगून काचा लावून बसलो होतो. सांगितलं मी. मूल गेलं."

 जयकुमारनं आईकडे पाहिलं, ती नेहमी सावरून घ्यायची तशी सावरेल म्हणून.

सासूबाई पानावरून उठल्या. "मी बी आत बसले होते की," त्या म्हणाल्या. "डोळं मिटून." आणि हात धुवायला गेल्या.

जयकुमार माझ्याशी चार महिने बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. आम्ही अजून एकाच घरात राहतो. तो वाईट माणूस आहे असं मी कुणाला सांगत नाही. मुलांशी चांगला वागला, आईचं सगळं केलं. पण त्या दिवसानंतर त्याच्या वतीनं मी कुणाशी एक वाक्य बोललेले नाही. फोन आला, दारात कुणी आलं, कुणाला नाही म्हणायचं असलं, की मी त्याला हाक मारते आणि बाजूला होते.

"काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," मी म्हणते.